तेम्पोकोने रंगवलेला कप्तान

तेम्पोकोच्या मांडवाखाली बसून तिच्या हातची दोलो, म्हणजे ज्वारीची दारू, प्यायली नाही आणि तिच्या शिव्या खाल्ल्या नाहीत, तो तुगानच्या बाजाराला आलाच नाही, असं लोक म्हणत. ज्वारीला मोड तीच आणायची, रांजणात रात्रभर शिजवायची तीच, आणि सकाळी आलेल्या गिऱ्हाइकाची हजेरीही तीच घ्यायची. पण सिनेमाची गाडी बाजारात शिरली त्या दिवशी तिने कुणाला एक शिवीही दिली नाही. चुलीतली लाकडं बाहेर ओढली, ठेवणीतलं निळं कापड नेसली आणि पडदा लागायच्या आत पुढे जाऊन बसली.

तिला नवऱ्याचा चेहरा बघायचा होता. बस, एवढंच.

राओगो किनाऱ्याकडच्या देशात कोकोच्या मळ्यात मजुरीला गेला आणि तिकडेच तापाने गेला. घरात त्याचा फोटो नाही. ओळखपत्र होतं, ते त्याच्या खिशातूनच मातीत गेलं. सुरुवातीला डोळे मिटले की तो अख्खा समोर उभा राहायचा. मग हळूहळू नुसते खांदे राहिले, मग टोपी. हल्ली टोपीखाली काहीच नसायचं. आपण त्याला विसरत चाललोय, हे बाईने सांगावं तरी कुणाला? फार आठवण यायची. आणि जिची आठवण काढायची ती गोष्टच हाताला लागत नव्हती.

पण राओगो सिनेमात होता.

तेव्हा दोघं तरुण होती. राजधानीहून एक सिनेमावाला आला होता. त्याची गोष्ट गोऱ्यांच्या पहिल्या मोठ्या लढाईची. एक फ्रान्सचा कप्तान, एक जर्मनांचा, आणि मधे एक वारूळ. ते वारूळ कुणाच्या देशाचं, यावरून दोघं झोळ्यांत पडल्या पडल्या युद्ध करतात. आणि झोळ्या वाहणारे हमाल मधेच थांबून एकमेकांकडे तंबाखू मागतात. भांडण त्यांचं, खांदे आमचे. आमच्याकडच्यांना हे समजावून सांगावं लागलं नाही. ज्यांचे आजे दोरखंडाने बांधून त्या लढाईला नेले, आणि जी गावं नाही म्हणाली ती जाळली गेली, ती माणसं असल्या गोष्टीला हसली तर पोटातूनच हसतात.

सिनेमावाल्याचं खूळ असं, की गोरा नट आणायचाच नाही. आमच्याच माणसांना पांढरी माती फासून गोरं करायचं. त्याने बाकारी तोएला कप्तान नेमलं आणि राओगोला त्याची झोळी वाहणारा हमाल. बिचारा शहरातला, त्याच्या ध्यानातच आलं नाही, की बाकारी सामो आणि राओगो मोसी. मोसी आणि सामो या दोन जमातींचं नातं थट्टेचं. हा त्याला गुलाम म्हणणार, तो ह्याला; सामो कुत्रं खातात म्हणून मोसी चिडवणार. वाटेल ते बोलावं, पण रागवायचं कुणी नाही.

"माझा गुलाम माझ्या खांद्यावर?" राओगो ओरडला. "आज सूर्य पश्चिमेला उगवला की काय?"

"उचल रे," बाकारी म्हणाला. "मालकाचे पाय दुखतायत."

"कुत्र्याचं मुंडकं खाणाऱ्याला कप्तान करताय, साहेब? बंदूक टाकून हाडूक उचलेल तो!"

गाव हसून हसून आडवं झालं. शूटिंग दुपारपर्यंत अडलं. शेवटी सिनेमावाल्याने हात टेकले आणि दोघांची कामं बदलली. राओगो जिंकला. माती फासायचं काम तेम्पोकोने हट्टाने आपल्याकडे घेतलं. त्याच्या गालांवर लहानपणी कोरलेल्या जमातीच्या खुणा होत्या, चांगल्या खोल. तिने एकेका खाचेत बोटाने माती दाबली.

"अगं, हळू! गाल आहे, भिंत नाही."

"गप बसा. गोऱ्याच्या गालाला खाचा असतात होय?"

तो सिनेमा समुद्रापलीकडे गेला, तिकडे टाळ्या घेतल्या म्हणे. तुगानला येईपर्यंत मात्र सगळ्यांना म्हातारपण आलं.

पडद्यासमोर गर्दी जमली तशी मागून काठी टेकत बाकारी आला. मळ्यात राओगोच्या शेजारी हाच होता, त्याला माती दिली ती यानेच. आमच्यात मोसी गेला, की त्याच्या जोडीच्या सामोने यायचं, मेलेल्याचे कपडे घालून अंगणात आडवं पडायचं, त्याच्याच आवाजात दारू मागायची, विधवेला हसवायचं. ती हसली, की मेलेला सुटला. राओगोच्या तेराव्याला म्हणा, देह नव्हता म्हणून त्याची टोपी पुरून जे काय केलं त्याला, दुसरे सामो आले होते. तेम्पोकोने त्यांना झाडूने हाकललं. "त्याचा गुलाम एकच होता, तो येईल!" पण बाकारी कितीतरी वर्षांनी परतला आणि परतला तो मित्राला तिकडेच पुरून आल्याच्या लाजेने मान खाली घालूनच. भेटला की हात जोडून विचारायचा, "वहिनी, बऱ्या आहात ना?" सामोने मोसी बाईशी आदराने बोलायचं! त्यापेक्षा मुस्काटात मारलेली बरी.

आजही तो तसंच म्हणाला. तिने तोंड फिरवलं.

अंधार पडला, सिनेमा सुरू झाला. पहिल्यांदा पडदाभर आला तो बाकारी. तरणाबांड, घामाने चमकणारा, चेहऱ्याची रेघन् रेघ स्पष्ट. लोकांनी शिट्ट्या मारल्या. मग झोळीत कप्तान दिसला. तेम्पोको पुढे सरकली, गुडघ्यांवर उभी राहिली. पडद्यावर एक पांढरा गोळा होता, त्यात दोन डोळे आणि चिकटवलेली मिशी. तिने गालावरच्या खाचा शोधल्या. एकही दिसेना. तिने काम चोख केलं होतं. निदान आवाज ऐकू येईल, म्हणून ती थांबली. तर कप्तान शहरातल्या कुणा नटाच्या घोगऱ्या आवाजात फ्रेंच बोलू लागला. शेवटी हमाल तंबाखूवरून भांडतात, झोळी सुटते आणि कप्तान वारुळावर पडून मरतो. सगळा बाजार हसला.

गाडीवाल्याने यंत्र चालूच ठेवलं, नुसता पांढरा उजेड. लोक उठले. तेम्पोको उठली नाही.

"मीच पुसला त्याला," ती शेजारणीला म्हणाली. "माझ्या या बोटांनी पुसला गं."

ते बाकारीने ऐकलं. मग काठी टाकली, पडद्यासमोर गेला आणि कप्तान पडला होता तसाच, हातपाय फाकून, धुळीत आडवा झाला. म्हाताऱ्याला फेफरं आलं असं वाटून दोघंतिघं धावले. तेवढ्यात तो खाकरला. राओगो बोलण्याआधी खाकरायचा तसा.

"तेम्पोकोऽ! अगं ए! रांजणात दोलो तळाला लागली, लक्ष कुठंय तुझं?"

नाकातला तोच आवाज, शेवटी तसाच ओढलेला.

"आले, आले! ओरडताय कशाला?"

तिच्या तोंडून गेलंसुद्धा. तेम्पोकोने पदर तोंडावर दाबला, पण हसू फुटलंच. हसता हसता ती रडायला लागली, आणि मग काय हसू आणि काय रडू हे तिचं तिलाही कळेना.

"दोलो आण," धुळीतून आवाज आला. "त्याशिवाय मी इथून जायचा नाही."

ती मांडवाकडे गेली, भोपळ्याचं भांडं काठोकाठ भरून आणलं आणि त्याच्या उशाशी बसली. बाकारीने हात पुढे केला. तिने भांडं मागे ओढलं.

"ए कुत्र्याचं मुंडकं खाणाऱ्या," ती म्हणाली, "आधी आणखी एकदा हाक मार."