आप्पासाहेबांच्या शेतातली पाथरी

८ जानेवारी १९८६, बुधवार. कांद्याच्या खुरपणीचे आठ रुपये कनवटीला लावून द्वारकाबाई चिकलठाण्याच्या शिवारातून घराकडे निघाली. डोक्यावर पाथरीचा भारा होता. पाथरी म्हणजे पिवळ्या फुलांचं, पानांच्या कडेला बारीक काटे असलेलं तण. खुरपलेलं तण खुरपणारीचं, हा तिथला रिवाज. द्वारकाबाई ते शेजारच्या अमिनाच्या शेळीला टाकायची आणि अमिना तिला रोज चहापुरतं दूध द्यायची. नवरा गेल्यापासून एकटीचं असंच भागत होतं.

त्या दिवशी शेतमालक आप्पासाहेब बांधावरून ओरडले होते, "बायांनो, काल औषध मारलंय. तण नेऊ नका, तिथंच टाका."

"व्हय, व्हय," म्हणत द्वारकाबाई बायांकडं वळली. "मागल्या साली बी असंच बोलला अन् समदं सोताच्या म्हशीला घातलं. लई चिकट माणूस!"

बाया हसल्या, पण त्यांनी तण टाकलं. द्वारकाबाईनं मात्र भारा बांधला.

दिवस मावळायच्या आत शेळी आडवी झाली. तोंडाला फेस, पाय ताठ. अमिनानं गुरांच्या डॉक्टरला बोलावलं. सुई टोचता टोचता त्यानं विचारलं, "काय खाल्लं हिनं?"

"रोजचीच पाथरी," अमिना म्हणाली.

द्वारकाबाई दाराची चौकट धरून उभी होती. तणावरच्या औषधाची गोष्ट तिच्या ओठावर आली आणि तिथंच राहिली. अर्ध्या तासात शेळी गेली.

उलट अमिनाच तिची समजूत घालत बसली. "आक्का, तू कायकू रोती? तूच तर तिला पोसलं."

त्यानंतर द्वारकाबाईला घास गोड लागेना. डॉक्टरला सांगितलं असतं तर शेळी वाचली असती का, हे तिला कुणाला विचारताही येईना. चौथ्या दिवशी अमिनानं बिनदुधाचा चहा पुढं ठेवला, तेव्हा तिनं कप सरकवला.

"अमिना, त्या तणावर औषध होतं. आप्पासाहेब सांगत होता. मला खोटं वाटलं."

"अन् डॉक्टर पूछ रहा था, तवा?"

"तवा खरं वाटलं होतं. भ्याले."

अमिनानं कप उचलून आत नेला. बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला. मग आतूनच ती म्हणाली, "सुई के बारा रुपये तू दे. बकरी का मैं नै मांगती."

पाच रुपये द्वारकाबाईनं त्याच दिवशी दिले. सात रुपये बाकी आहेत.