सल्लागार बघण्याचा कार्यक्रम

सल्लागार कसा निवडतात, हे आमच्या घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. स्थळ कसं बघतात, ते मात्र सगळ्यांना पाठ. मग काय, आम्ही तेच केलं! ओसरी धुतली, कांदेपोहे केले, सासऱ्यांनी इस्त्रीचा सदरा घातला, आणि मला ताकीद मिळाली की जास्त हसू नकोस. ही ताकीद मला माझ्या स्वतःच्या बघण्यातही मिळाली होती. तेव्हाही काही उपयोग झाला नव्हता.

झालं होतं असं. बदलापूरजवळच्या चामटोलीत घरामागे माझी रोपांची नर्सरी आहे. सोनिवलीला टॉवर उभे राहिले आणि तिथल्या प्रत्येक बाल्कनीला जास्वंद हवीशी झाली. सकाळी भरून नेलेला टेम्पो दुपारी रिकामा व्हायचा. माझ्या डोक्यात अशी काही हवा गेली, की मी सासऱ्यांकडे रस्त्याकडची जमीनच मागितली. त्याच जमिनीसाठी बिल्डरचा माणूस आठवड्याला चहा पिऊन जात होता.

सासरे म्हणाले, "धंद्यातलं कळणारा एक भरवशाचा माणूस आण. तू निवडशील तो. नर्सरी वाढव असं तो म्हणाला, तर जमीन तुझी. नायतर दसऱ्याला मी बिल्डरला शब्द देऊन मोकळा."

पहिला आला अंबरनाथहून, नवऱ्याच्या कंपनीतल्या ओळखीतून. बूट न काढता ओसरीवर चढला आणि तिथेच सासूबाईंच्या मनातून उतरला. टॅबवर रंगीत चित्रं दाखवली. चित्रात आमची जास्वंद विमानात बसून दुबईला चालली होती. सासरे म्हणाले, "आधी बदलापूर स्टेशनपर्यंत जाऊ दे तिला." मी ओढणी तोंडात कोंबून आत पळाले. गडी तासभर बोलला, पण घरामागे जाऊन खरं रोप काही त्याने बघितलं नाही.

दुसरा नात्यातलाच, बदलापूरचा. त्याला सगळंच पटायचं. मी म्हटलं नर्सरी वाढवायची, तो म्हणाला, "उत्तम!" सासरे म्हणाले जमीन विकावी म्हणतो, "तेही उत्तम!" सासूबाई खट्याळ, त्या म्हणाल्या आम्ही तिथे म्हशी बांधू, तर हा पोह्यांवर खोबरं घेत म्हणतो, "फारच उत्तम!" हसून हसून माझं पोट दुखलं. तरी मनात आलं, हाच बरा. मी सांगेन ते हा लिहून देईल आणि जमीन मिळेल. खोटं कशाला बोलू?

तिसऱ्या बाई उल्हासनगरच्या. मी कुंड्या घेते त्या दुकानाच्या मालकिणीने नाव सुचवलं. म्हणाली, "खरं बोलती है भाभी, पण डांटती बहुत है." मी त्यांच्या आणखी तीन गिऱ्हाइकांना विचारून आले. दोघं त्यांच्यावर चिडलेले होते, पण सोडून एकही गेला नव्हता. मला याची फार गंमत वाटली.

साठीच्या सिंधी बाई, पायात स्पोर्ट्स शूज. ते पायरीशी काढले आणि पोह्यांकडे न बघता विचारलं, "भाभी, मेलेली रोपं कुठे टाकता?"

अगं बाई! तोच ढीग मी सकाळी हिरव्या जाळीखाली झाकला होता. बाईंनी जाळी उचलली. हा एवढा ढीग.

"मला झाडातलं काही कळत नाही," त्या म्हणाल्या. "ही का मेली, ते तुम्ही सांगा."

मला कारण माहीत होतं. सासूबाई संध्याकाळी पाणी घालायच्या. त्यांचा जन्म भातशेतीत गेला, त्यामुळे पाणी साचलेलं दिसल्याशिवाय त्यांचं समाधान व्हायचं नाही. गुलाब काय, शेवंती काय, सगळ्यांना भातासारखं बुडवायच्या. पण सासूला सांगणार कोण? मी वाकून जाळी परत ढिगावर ओढायला लागले.

"बोल गो!" सासूबाईच ओरडल्या. "का मेली? मला वाटायचं तुला लावता येत नाय. तुला वाईट वाटेल म्हणून मी वर्षभर गप!"

"आई, तुम्ही पाणी फार घालता!"

"मी?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मी वर्षभर गप!"

सासूबाईंना जे हसू फुटलं! ढिगाशेजारी बसकण मारून हसल्या. मी हसले, सासरे खोकेपर्यंत हसले. फक्त बाई हसल्या नाहीत.

"इथली रोपं जगत नाहीत, तर मोठ्या जागेत जास्त मरतील," त्या म्हणाल्या. "यंदा जमीन घेऊ नका भाभी. आधी घरात एकमेकांशी बोला. माझं कामही आत्ता तुम्हाला नको. रोपं टिकायला लागली की बोलवा." त्यांनी शूज घातले आणि रिक्षात बसून गेल्या. फीचं नावही काढलं नाही.

माझं हसू कुठल्या कुठे गेलं. इतका राग आला! कोण या, दोन मिनिटांत माझी जमीन घालवून गेल्या.

सासरे ओसरीवर बसले. "बोल, कोणाला निवडतेस? उत्तमवाला घेतलास तर जमीन आजच तुझी. मी शब्द फिरवणार नाय."

मी रस्त्याकडे बघितलं. ती जमीन मला किती हवी होती, काय सांगू! मनातल्या मनात माझ्या तिथे गुलाबाच्या रांगा लावूनही झाल्या होत्या. म्हटलं, "बाईंना."

"मग जमीन नाय मिळायची."

"नको. त्या खरं बोलल्या."

सासऱ्यांनी मान हलवली, फोन काढला आणि माझ्यासमोरच बिल्डरच्या माणसाला लावला.

"जमीन द्यायची नाय," ते म्हणाले. "आमच्या सुनेला लागणार हाय. कधी म्हणजे? ते मला काय माहीत? तिने एक बाई निवडल्यान, त्यांना विचारा."