धर्माजीचे बारा डगले

तारापूरचा धर्माजी शिंपी भांडखोर होता, असं लोक अजून म्हणतात. मी म्हणतो, त्याच्या जागी दुसरा असता तर कात्री घेऊन धावला असता.

दुसऱ्या महायुद्धात पलटणीचा शिंपी म्हणून तो दोन वर्षं सीरियात होता. तिथल्या एका म्हाताऱ्या शिंप्यानं त्याला पडका किल्ला दाखवून ख्रिस्ती आणि मुसलमान फौजांच्या दोनशे वर्षं चाललेल्या जुन्या धर्मयुद्धांची हकिकत सांगितली. धर्माजीनं ती कपड्यांवरून लक्षात ठेवली. युरोपातून आलेले स्वार लोखंडी चिलखतात भाजून निघाले, मग त्यांनी वरून झगे चढवले. त्यांच्या पायदळानं जाड भरावाचे डगले घातले. तुर्कांचे बाण त्यांत रुतायचे आणि माणूस चालतच राहायचा. पुढे ख्रिस्त्यांनी तुर्की धाटणीचे घोडेस्वार तिरंदाज पदरी ठेवले, तर मुसलमानांनी तट फोडणारी अवाढव्य यंत्रं उभी केली. "येकमेकांना मारता मारता येकमेकांसारके झाले," धर्माजी सांगायचा. ऐकणारा तोवर उठून गेलेला असायचा.

१९६६ साली वामन मास्तरांनी गावच्या नाट्यमंडळासाठी, स्पर्धेत उतरवायला, याच लढायांवर तीन अंकी नाटक लिहिलं. आता तरी गाव आपलं ऐकेल, म्हणून धर्माजी हरखला. चार महिने खपून त्यानं तिसऱ्या अंकासाठी कापूस भरलेले बारा डगले शिवले. दोन्ही फौजांना सहा-सहा, जवळपास सारखे. मी त्यात ख्रिस्ती शिपाई होतो. डगला अंगात घातला आणि पहिल्यांदाच लढाईला निघाल्यासारखं वाटलं.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी मंडळाचे अध्यक्ष बळवंतशेठ आले आणि डगले बघून भडकले.

"धर्माजी, यात आपला कोन नि परका कोन, कसा कलनार? तिन्ही अंकांत ख्रिस्ती पत्र्यात, मुसलमान हिरव्यात. बस!"

त्यात आपलं कोणीच नव्हतं, पण शेठना सांगणार कोण?

"शेठ, दोनशे वर्सं लडले, आन् कोन काय शिकलाच नाय?"

"लोकांना वलखता आला पायजे."

मास्तर चष्मा पुसत राहिले. मी माझा डगला शेठच्या हाती दिला, त्याची लाज अजून वाटते. परीक्षक आणि पाहुण्यांना लोखंडी खुर्च्या टोचतील म्हणून शेठनी डगल्यांच्या घड्या करून त्यांवर घातल्या. धर्माजी बघत उभा होता.

विजेचा भरवसा नव्हता, म्हणून प्रयोग दुपारी झाला. तेलाच्या डब्यांचा पत्रा अंगावर खडखडवत आम्ही घामाघूम होऊन दोनशे वर्षं लढलो.

पडदा पडल्यावर परीक्षक बसल्या बसल्याच म्हणाले, "लेखन बरं आहे. पण दोनशे वर्षं उलटली तरी पोशाखात काडीचा फरक नाही. तिसरा अंक दिसलाच नाही."

"शिंप्याची चूक, साहेब," शेठ लगेच बोलले.

धर्माजी विंगेतून सरळ खाली उतरला. परीक्षकांपुढे जाऊन त्यानं हात जोडले.

"साहेब, जरा उठता का? तिसरा अंक तुमच्या बुडाखाली हाय."