बिनतिखटाचं घर

माझ्या थोरल्या जाऊबाई आधी माणसाचं ताट बघायच्या, मग तोंड. त्यांना सगळे बाईच म्हणत. पाहुणा जेवायला बसला की त्याच्या वाटीत डोकावून विचारायच्या, "इतकं तिखट काऊन खाता? आतडं का लोखंडाचं हाय?" पाहुणा बिचारा अर्ध्या जेवणावरून उठायचा.

पंचाहत्तरच्या सुमारास मी अल्लीपूरच्या झणझणीत घरातून पवनारला सून म्हणून आले. थोरले दीर नुकतेच अन्ननलिकेच्या कॅन्सरने गेले होते. आमच्या भाजीपाल्याच्या वाडीत मिरची भरपूर पिकायची, पण सगळी वर्ध्याच्या बाजारात जायची. घरात ठेचा बंद, लोणचं बंद, तळण बंद. मसाल्याच्या कपाटाला कुलूप आणि किल्ली बाईंच्या कमरेला. मला तुरुंगात पडल्यासारखं वाटे. रडू आलं की जवळ घ्यायलाही बाईच, त्यामुळे धड रागावताही यायचं नाही.

"माह्या हातच्या तिखटानं गेले ते," एकदा वांगी चिरता चिरता त्या म्हणाल्या. "ते रोज मांगत, मी रोज वाढे." दीर दिवसभर तंबाखू चघळत, याची मी आठवण करून दिली. "तंबाखू त सारं गाव खाते," म्हणून त्यांनी विषय तोडला.

स्वतः त्या सकाळ-संध्याकाळ गुडाखू घासायच्या. तंबाखू आणि गुळाचं ते काळं मंजन तेव्हा घरोघरी बायका वापरत. ते कोणी खाण्यात धरत नसे.

काही वर्षांनी त्यांच्या गालात आतून गाठ आली. नागपूरच्या डॉक्टरांनी कॅन्सर सांगितला आणि विचारलं, "तंबाखू खाता?"

"कधीच नाई," बाई ठसक्यात म्हणाल्या. मी हळूच गुडाखूचं सांगितलं, आणि घरात तिखट-तळण बंद असल्याचंही.

"तोही तंबाखूच की. जेवण साधं ठेवलंत ते चांगलं, पण खरं सोडायचं होतं ते हे."

मी घाबरून बाईंकडे पाहिलं. त्यांनी स्वतःचं काहीच विचारलं नाही.

"मंग आमचे मालक? त्यायले माह्या तिखटानं नाई झालं?" दिरांचा कॅन्सर आणि त्यांचा दिवसभराचा तंबाखू मी डॉक्टरांना सांगितला.

"तंबाखू चघळायचे ना? मग तिखटाला कशाला दोष देता, बाई?"

बाईंनी पदर तोंडाला लावला. त्यांना असं हमसून रडताना मी कधी पाहिलं नव्हतं.

घरी येताच त्यांनी मला झणझणीत भरीत करायला लावलं. सगळ्यांना स्वतः वाढलं आणि दुधात कुस्करलेली पोळी घेऊन समोर बसल्या. "खा ना माय, आता कोणी काई म्हणत नाई."

त्यांना पोळी गिळवत नव्हती आणि आम्हाला भरीत.