गोऱ्याचं पान

लग्नानंतरच्या पहिल्याच सर्वपित्रीला मी पानं वाढत होते. सासूबाईंनी सासऱ्यांच्या पिढ्यांची पानं मांडली आणि थोडं अंतर ठेवून आणखी एक मांडलं.

"हे कोणाचं?" मी विचारलं.

"त्या इमानवाल्या गोऱ्याचं," त्या म्हणाल्या. "खीर जरा जास्त वाढ. लय लहान होता."

मला वाटलं, थट्टा करताहेत. मी नाशिक शहरातली, फुलशेती करणाऱ्या घरातली; हे गाव सायखेड्याच्या अलीकडे, गोदेच्या काठावर. दुपारी जेवणं उरकल्यावर सासूबाईंनी सगळं सांगितलं.

मोठ्या लढाईच्या, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत देवळालीच्या बाजूने गोऱ्यांची विमानं आमच्या शिवारावरून घिरट्या घालायची. एका बाजारच्या दिवशी त्यातलं एक विमान खोकल्यासारखा आवाज करत खाली आलं. बाजारात माणूस मावत नव्हता. ते थेट बाजारावरच पडणार, असं वाटून बायका पोरांवर पालथ्या पडल्या. पण देवळाच्या शिखराजवळ ते एका अंगावर कललं, नदीकडे वळलं आणि आमच्या मळ्यात पडलं.

माझे आजेसासरे तेव्हा ऐन तिशीत होते. मोट सोडून ते धावले आणि विमानातल्या गोऱ्या पोराला ओढून बांधावर आणलं. मिसरूडही धड फुटलेलं नव्हतं. तो काहीतरी बोलत होता, ते यांना कळेना. त्यांनी ओंजळीने पाणी पाजलं. दोन घोट गेले, तिसरा ओघळला. संध्याकाळी कॅम्पातली गाडी येऊन त्याला घेऊन गेली.

त्या वर्षी सर्वपित्रीला आजेसासऱ्यांनी त्याचं पान मांडायला सांगितलं. भावकी हसली. ते म्हणाले, "शेवटचं पाणी माझ्या हातचं प्याला. मग घरचाच झाला ना?"

पुढे कोणी हसलं नाही.

गेल्या भाद्रपदात आमच्या गावचा एक निवृत्त फौजी एका परदेशी बाईंना घेऊन दारात उभा राहिला. पन्नाशीच्या असतील. त्या देवळालीच्या दफनभूमीत चुलत आजोबांची कबर बघायला आल्या होत्या. नदीकाठी, एका बाजाराच्या गावाजवळ त्यांचं विमान पडलं, एवढंच त्यांना ठाऊक होतं. ते ऐकून फौजी त्यांना सरळ आमच्याकडेच घेऊन आला. या भागात विमान पडलं ते एकच.

आणि तो दिवस सर्वपित्रीचा होता. पानं मांडलेली होती.

माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत मी त्यांना त्या बाजूच्या पानाबद्दल सांगितलं. त्यांना आधी कळेना. "दर वर्षी?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "दर वर्षी. माझ्या सासूबाई या घरात आल्या, त्याच्याही आधीपासून."

त्या ओट्यावरच बसल्या. त्या पानाकडे बघत म्हणाल्या, "आमच्या घरी त्याच्या आईसमोर त्याचा विषय काढायचा नाही, असं होतं. जेवणाच्या टेबलावर तर कधीच नाही."

मी हे मराठीत सांगितलं तेव्हा सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मग त्या एकदम सावरल्या. "अगं, तिला त्याचं नाव विचार. इतकी वर्षं नुसतं गोरा गोरा म्हणतोय आम्ही."

बाईंनी नाव सांगितलं. सासूबाईंच्या जिभेवर ते काही केल्या बसेना. बाई एकेक अक्षर सुटं करून सांगत होत्या आणि सासूबाई शाळेतल्या मुलीसारख्या मागून म्हणत होत्या. अखेर जमलं. त्यांनी पानाभोवती पाणी फिरवलं आणि घरच्या पितरांच्या नावांमागोमाग, तितक्याच खड्या आवाजात, ते नाव घेतलं.

मी कित्येक वर्षं ते पान वाढलं होतं, पण माणूस जेवायला बसलाय असं त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

बाईंनी हात जोडले होते. रडल्या नाहीत. पंगत बसली तेव्हा त्या सासूबाईंच्या शेजारी मांडी घालून बसल्या आणि खीर त्यांनी दोनदा मागून घेतली.