चालकाच्या बाजूची नळी

गॅरेजात त्याला सगळे फुंक्या म्हणत. हातात कुठलीही नळी आली की तो आधी तिला तोंड लावून फुंकायचा आणि दुसऱ्या टोकाशी तळहात धरायचा. पेट्रोलची असो, पाण्याची असो, की जुन्या गाड्यांच्या हीटरमधून पुढच्या काचेकडे गरम हवा नेणारी कापडी नळी असो. नळीतला रोग आपल्याला श्वासावरून कळतो, असं त्याचं म्हणणं. "सगळं श्वासालाच कळतं तर डोकं कशाला दिलंय?" असं मोठा भाऊ म्हणायचा आणि सगळे हसायचे. फुंक्याही हसायचा. दादाच्या विनोदांवर हसण्याची सवय त्याला पाळण्यापासूनची होती.

गॅरेज दोघांचं, पण गिऱ्हाइकाशी बोलणार दादा, चावी हातात देणार दादा. फुंक्या आपला डॅशबोर्डखाली उताणा, नाकावर धूळ झेलत पडलेला. हे पूर्वी असं नव्हतं. अकरा वर्षांपूर्वी सरांची गाडी आली आणि तिथून हे सगळं फिरलं.

सर म्हणजे शाळेतले भूगोलाचे शिक्षक. त्यांच्याकडे दोनच माणसं बसतील अशी जुनी लाल स्पोर्ट्स कार होती, आणि तिच्यावर त्यांचा भारी जीव. हीटर लावला की पायांना ऊब लागायची, काच मात्र धुरकटच राहायची. फुंक्याने काचेकडे जाणाऱ्या दोन्ही नळ्या नव्याने घडवल्या. तारेच्या कड्यांवर कापडाची पट्टी गुंडाळली, तिला सरस लावला, टोकं मेणदोऱ्याने तीन वेढे देऊन आवळली. लोखंडी पट्टा आवळला तर असली नळी कापली जाते, म्हणून वडील दोराच वापरायचे. त्यांची ती गाठ फुंक्याने उचलली होती. दादाच्या जाड बोटांना ती कधी जमली नाही.

त्याच दुपारी, शेवटची गाठ आवळता आवळता, बायकोला कळा सुरू झाल्याचा निरोप आला. दादाने पाठीवर हात ठेवला. "जा तू. पुढचं मी बघतो."

मुलगी झाली. चार दिवसांनी, कडाक्याच्या थंडीत, शाळेकडे जाताना सरांच्या समोरची काच बघता बघता पांढरी झाली. वळण दिसलं नाही. गाडी दगडी भिंतीवर आदळली. सर वाचले, पण उजवा गुडघा कायमचा आखडला. दादा एकटाच जाऊन गाडी बघून आला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "नळी निसटली होती. घाईत गाठ मारायची राहिली ह्याची."

फुंक्याला गाठ मारलेली आठवत होती. पण निरोप आल्यावर सगळं तसंच टाकून पळालो होतो, तेही आठवत होतं. आणि दादा कशाला खोटं बोलेल? त्याने मान खाली घातली ती घातलीच. लेकीचा वाढदिवस आला की सगळे हसत असायचे आणि हा ताट तसंच सोडून उठायचा. मग चार दिवसांनी, अपघाताच्या तारखेला, तो सरांच्या घरी जायचा, "सर, माझ्यामुळे," एवढंच म्हणायचा, आणि काहीतरी दुरुस्त करून यायचा. सरांच्या घरात आता एकही नळ गळत नव्हता आणि एकही दार कुरकुरत नव्हतं. "झालं ते झालं," सर म्हणायचे. ते ऐकून त्याला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

यंदा सरांच्या मुलीने ती गाडी शेडमधून काढून गॅरेजात आणून टाकली. बाबांना एकदा तरी तिच्यात बसवायचं होतं. दादा नाही म्हणू शकला नाही. फक्त फुंक्याला म्हणाला, "हीटरला हात लावू नकोस. ते काम मी करीन." आपल्याला वाईट वाटू नये म्हणून दादा असं म्हणतोय, असं फुंक्याला वाटलं. भोळेपणालाही काही मर्यादा असते, पण दादापुढे त्याने ती कधी पाळली नव्हती.

मंगळवारी दादा सामान आणायला गेला. जे आपण बिघडवलं ते आपणच सुधारावं म्हणून फुंक्या गाडीत शिरून उताणा झाला.

डावीकडची नळी जशीच्या तशी होती. चालकाच्या बाजूला मात्र त्याने कधी न पाहिलेली एक पेटी बसवलेली होती. रेडिओ. तिला जागा व्हावी म्हणून नळी कापून बाजूला सारलेली, तिचं टोक काळ्या चिकटपट्टीने कसंबसं डकवलेलं, आणि ती पट्टी वाळून सुटलेली. काचेखालच्या हवेच्या तोंडावर मेणदोऱ्याचे तीन वेढे अजून घट्ट होते. गाठही होती. वेढ्यांखाली नळीच्या कापडाचा तुकडा तसाच अडकलेला होता, गाठीपासून बोटभर अंतरावर पात्याने सरळ कापलेला.

त्याने एक वेढा नखाने ओढून बघितला. राग यायला हवा होता, पण आधी लाज वाटली, इतकी वर्षं स्वतःच्या बोटांवर संशय घेतल्याची. राग मागून आला, आणि आला तो दादाच्या चपला दारात वाजल्या तेव्हा.

"रेडिओ तू बसवलास?"

दादाने हातातलं खोकं खाली ठेवलं. कापलेली नळी बघितली. "सरांनीच मागितला होता. जागा होत नव्हती. पट्टी चांगली चार पदरी लावली होती मी."

"आणि मला काय सांगितलंस?"

"कोणाला तरी अंगावर घ्यावं लागणारच होतं. लोक माझं तोंड बघून येतात इथे. तुझं नाव खराब झालं तरी गॅरेज चाललं असतं." मग जरा आवाज उतरवून म्हणाला, "तू सोसशील हे मला ठाऊक होतं."

ह्या शेवटच्या वाक्याने फुंक्याच्या काळजाला घरं पडली. खोटं बोलला, ते एक वेळ भीतीपोटी म्हणता आलं असतं. पण दादाने त्याला नीट ओळखून, पारखून फसवलं होतं.

"घरात कोणाला माहीत होतं?"

"तुझ्या वहिनीला. आणि..." दादा थांबला. "तुझ्या बायकोलाही. वहिनीनेच सांगितलं होतं तिला, तीनेक वर्षांपूर्वी. घर फुटू नये म्हणून गप्प राहिली बिचारी."

फुंक्या पुन्हा गाडीत शिरला. काचेखालचं ते तोंड त्याने स्क्रू काढून सोडवलं, गाठीसकट, आणि हातही न धुता सरांच्या घरी चालत गेला.

सर खिडकीपाशी पाय लांब करून बसले होते. तो दरवर्षीच्या दिवसाआधीच आलेला बघून त्यांना नवल वाटलं. त्याने ते तोंड त्यांच्या हातात ठेवलं आणि सगळं सांगितलं, रेडिओ, पट्टी, पातं, काहीही न वगळता. सरांनी चष्मा वर करून गाठीवरून बोट फिरवलं. ती हलत नव्हती.

"म्हणजे तू बांधली होतीस."

"बांधली होती, सर."

"मग अकरा वर्षं माझी माफी कशाची मागत होतास?"

फुंक्याने तोंड उघडलं. सांगण्यासारखं एकच होतं.

"दादा म्हणाला होता, सर."