अंधाऱ्या खोलीतली सोबत

आसराबाई जालन्याच्या दवाखान्यात नेमकं काय काम करायची, हे सांगायला बसलं की पंचाईत होते. पगार मिळायचा तो झाडलोटीचा. पण झाडू तिच्या हातात दिसायचा तो फक्त सकाळी, दवाखान्याची ओसरी ओली असेपर्यंत. बाकीचा दिवस ती बायाबापड्यांना एका अंधाऱ्या खोलीत घेऊन जायची आणि परत उजेडात आणून सोडायची. या कामाला दवाखान्यात नाव नव्हतं, आणि ज्याला नाव नाही त्याचा पगार कोण देणार?

निजामाच्या राज्याची ती अखेरची वर्षं. त्या खोलीत एक्स-रेचं एक यंत्र होतं. मागच्या अंगाला तेलाचं इंजिन धडधडू लागलं की यंत्रात जीव यायचा. मग माणसाला काचेला छाती टेकवून उभं करायचं, की आतलं काळीज काचेवर सावलीसारखं हलताना दिसायचं. डॉक्टरीणबाई मद्रासकडच्या. अंधाराला डोळे सरावावेत म्हणून त्या आधी बराच वेळ लाल काचांचा चष्मा लावून ओसरीवर बसायच्या. खोलीच्या खिडक्यांना काळी घोंगडी ठोकलेली. आता सांगा, अंबड-घनसावंगीकडून बैलगाडीत हाडं खिळखिळी करून आलेल्या माणसानं ती लाल डोळ्यांची बाई बघावी, ती काळी खोली बघावी, भिंतीआडची धडधड ऐकावी आणि वर त्याला कोणी म्हणावं, चल, तुझं काळीज बघायचंय. तो पळणार नाही तर काय करणार?

आसराबाईचा नवरा असाच पळाला होता. म्हस्कू त्याचं नाव. जातीचा धनगर, मेंढरं घेऊन गोदाकाठानं हिंडणारा गडी. चढाला धाप लागू लागली, रात्री आडवं पडता येईना, तेव्हा आसराबाईनं हट्टानं त्याला या दवाखान्यात आणलं. आत अंधारात कोणीतरी त्याचा खांदा धरून त्याला काचेकडे सरकवलं. मनात वाईट काही नव्हतं, बाहेर गर्दी होती म्हणून घाई केली, एवढंच. म्हस्कूनं हात झटकला आणि उघड्या अंगानं जो निघाला तो कुंडलिका नदीच्या पलीकडे जाऊन थांबला. पुन्हा दवाखान्याचं नाव काढू दिलं नाही. दिवाळीच्या आत गेला. यंत्रानं तो वाचला असता की नाही, देव जाणे. पण नवरा दुखण्यानं नाही, भीतीनं गेला, असं आसराबाईच्या मनानं घेतलं ते घेतलंच. मेंढरं दिरानं हाकून नेली आणि ती याच दवाखान्यात झाडू मागायला आली. लोकांना नवल वाटलं. त्या खोलीवर तिचा राग होता, आणि त्या रागापायीच तिला तिथून हलायचं नव्हतं.

मेंढरांमागं जन्म गेलेला, त्यामुळे एक गोष्ट तिला पक्की ठाऊक होती. लोकर कातरताना मेंढराला हात लावायच्या आधी आवाज द्यायचा. आधी आवाज आला की मागून आलेल्या हाताला ते बुजत नाही. तिनं माणसांना तोच नियम लावला. बाईला आधी ओसरीवरच्या बाकावर शेजारी बसवून घ्यायची आणि सगळं सांगायची.

"आता आपुन आत जाऊ. अंधार राहील. डोळे फाडून बघू नको, काहीच दिसत न्हाई. मी तुझा हात धरून राहीन. मंग छातीला काच लागंल, गार लागंल. मंग घर्र आवाज येईल. बाई म्हनतील दम धर, तर नदीत बुडी मारताना धरती तसा धरायचा. झालं. दुखत बिलकुल न्हाई."

आत गेल्यावर प्रत्येक गोष्ट घडायच्या जरा आधी ती पुन्हा कानाशी सांगायची. आता गार लागंल. आता आवाज येईल. खोलीतून पळणारी माणसं पळायची थांबली. पुढे पुढे तर आसराबाई आल्याशिवाय डॉक्टरीणबाई इंजिन सुरू करू द्यायच्या नाहीत.

अंधारापेक्षा मोठी अडचण सोन्याची होती. काचेपुढे अंगावर कसलाही धातू चालत नसे, त्याचीच सावली पडायची. पुरुष ताईत काढून द्यायचे. पण बाईनं डोरलं काढायचं म्हणजे जित्या नवऱ्याला मेला म्हणायचं. कितीतरी बाया तेवढ्यावरून गाडीत बसून परत गेल्या. तोडगा आसराबाईनंच काढला. डोरलं तुटलं, सोनाराकडे टाकलं, तर तेवढ्यापुरतं दोऱ्यात हळकुंड बांधून गळ्यात घालतातच की. हळकुंड म्हणजे काही धातू नव्हे. तिनं ओसरीच्या कोनाड्यात हळकुंडांचा आणि दोऱ्याचा डबा ठेवला. ज्याचं त्यानं उचलायचं. आपण विधवा, आपला हात त्याला लागलेला कोणाला चालणार नाही, हे तिला कोणी शिकवावं लागलं नाही.

अशी वर्षं गेली. आणि एका हिवाळ्यात, कापसाची वेचणी ऐन भरात असताना, घनसावंगीकडून चतुराबाई आली.

विशीतली पोर. संगं नवरा बद्रीनाथ आणि सासू द्वारकाबाई. चांगल्या खात्यापित्या घरची माणसं, दारात बैलजोड्या, शेतात विहीर. पोरीच्या पायावर सूज होती, ओठ निळसर पडलेले, आणि ओसरीच्या चार पायऱ्या चढून ती खांबाला धरून उभी राहिली. डॉक्टरीणबाईंनी नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि म्हणाल्या, काळीज यंत्रात बघावं लागेल.

द्वारकाबाई म्हणाली, "काय बघायचं ते बघा. आमाला एवढंच सांगा, हिच्यानं रानातलं काम होईल का आन् लेकरू राहील का. दोन डाव पोट खाली झालंय. किती दिवस वाट बघावी मानसानं?"

हे आसराबाईनं ऐकलं होतं. पण सासवा असंच बोलतात म्हणून तिनं ते कानाआड केलं.

डोरल्याची गोष्ट निघाली आणि द्वारकाबाई उखडलीच. "माझ्या लेकाच्या जिवावर कशाला उठता? आन् ही बाई आत जानार हिच्यासंगं? हिचं कपाळ बघितलं का?"

आसराबाईला ते नवं नव्हतं. ती कोनाड्यापासून लांब सरकून उभी राहिली. पण चतुराबाईच कच खाऊ लागली. हळूच म्हणाली, "मावशी, राहू द्या. मी जाते घरी. मरन यायचं तं घरी येईल."

त्या वेळी आसराबाईनं तिला जाऊ दिलं असतं तर? हा प्रश्न पुढे तिनं स्वतःला फार विचारला. पण तेव्हा तिला समोर चतुराबाई दिसतच नव्हती. उघड्या अंगानं नदीकडे पळणारा म्हस्कू दिसत होता. ती पोरीच्या शेजारी बसली आणि तिचा हात मांडीवर घेतला.

"भिऊन पळालेलं मानूस मी बघितलंय, लेकी. तो माझाच मालक व्हता. दुखनं काय हाय ते तरी कळू दे. कळलं तं औषध हाय, न्हाई कळलं तं काहीच न्हाई. इतक्या बाया मी आत नेल्या, कोनाचं वाईट झालं न्हाई. तुझं बी व्हनार न्हाई. माझ्यावर भरोसा ठेव."

चतुराबाईनं मान हलवली. डब्यातून हळकुंड बद्रीनाथनं उचललं. लग्नानंतर बायकोच्या गळ्याला सगळ्यांदेखत हात लावायची त्या बिचाऱ्यावर पहिलीच वेळ. वेचणीनं बोटं चिरलेली, गाठ काही बसेना. दोनदा सुटली तेव्हा चतुराबाईला हसू आलं आणि तोही लाजला. नवराबायकोत माया होती, हे कोणालाही दिसलं असतं. मग तिनं डोरलं काढून त्याच्या तळहातावर ठेवलं.

दोघी आत गेल्या. आसराबाईनं अंधार सांगितला, काच सांगितली, आवाज सांगितला. पोरीच्या मनगटाची नाडी तिच्या बोटांखाली वेडीवाकडी उडत होती. डॉक्टरीणबाई काचेवर मेणाच्या पेन्सिलीनं सावलीची कड गिरवत होत्या आणि आज त्यांचा हात गिरवता गिरवता नेहमीपेक्षा फार लांब गेला. हे आसराबाईला अंधारातही कळलं. चतुराबाईला नाही कळलं. ती उजेडात आली ती हसतच. "एवढंच व्हतं? मी उगाच भेले."

डॉक्टरीणबाईंनी ओसरीवर, तिघांसमोर, आपल्या मोडक्या मराठीत सगळं सांगितलं. लपवाछपवी त्यांना जमत नसे. लहानपणी सांधे धरून ताप आला असेल, त्यात काळजातली झडप आखडली. काळीज फुगलंय. रोज औषधाचे थेंब घ्यायचे, आराम करायचा, तर वर्षं निघतील. पाण्याचा हंडा उचलायचा नाही, रानात जायचं नाही. आणि लेकरू तर अजिबात नाही, त्यात हिचा जीव जाईल.

द्वारकाबाईनं सगळं ऐकून घेतलं. मग लेकापुढे हात केला. बद्रीनाथनं मुठीतलं डोरलं बायकोला द्यायच्या ऐवजी आईच्या हातावर ठेवलं आणि आईनं ते पदराच्या गाठीत बांधलं. "घरी गेल्यावर चांगला दिस बघून घालू," ती म्हणाली. चतुराबाई हळकुंडावरच गाडीत बसली. आसराबाईनं हे पाहिलं. पण बोलायची तिची पायरी नव्हती.

उन्हाळा सरता सरता चतुराबाई एकटीच आली. बगलेत गाठोडं. वाटेत कोणी गाडीवाल्यानं दया येऊन बसवून घेतलं होतं, बाकीचं बसत-उठत चालून आली होती. आसराबाईनं तिला पाणी दिलं आणि तिचा दम बसेपर्यंत काही विचारलं नाही. मग पोरीनं आपणहून सांगितलं. बद्रीनाथची दुसरी बायको घरात आली. डोरलं तिच्या गळ्यात गेलं. लग्नाच्या दिवशी तो रानातून लवकर आलाच नाही, बोलवायला माणूस पाठवावा लागला, पण आला आणि उभा राहिला. भावांनी काही दिवस ठेवून घेतलं, मग भावजया बोलायला लागल्या.

"आदी नुसती आजारी व्हते," चतुराबाई म्हणाली. "आजारी सून घरात खपती, मावशी. आज न्हाई तं उद्या बरी व्हईल म्हनून खपती. यंत्रानं सांगितलं की ही कदी बरी व्हनार न्हाई. मंग कशाला ठेवत्यात?"

आसराबाईनं पाण्याचा रिकामा तांब्या उचलून बाजूला ठेवला.

"तुमी सगळं आदी सांगितलं. अंधार सांगितला, गार लागंल म्हनल्या, आवाज येईल म्हनल्या. सगळं बराबर निघालं. बाहेर आल्यावर काय व्हईल ते तेवढं न्हाई सांगितलं."

तिचा आवाज चढलेला नव्हता, आणि म्हणूनच आसराबाईला तो सोसवला नाही. तिनं गाठोडं उचललं आणि दवाखान्यामागच्या आपल्या खोलीत नेऊन ठेवलं.

चतुराबाई तिथं राहिली. थेंब घ्यायची, भिंतीला टेकून झोपायची. सकाळी बरं वाटलं तर ओसरीवरच्या बाकावर येऊन बसायची. आत जायची पाळी आलेल्या बाया तिला विचारायच्या, दुखतं का गं? ती म्हणायची, "न्हाई, दुखत न्हाई. मावशी हात धरती." मग जरा थांबून म्हणायची, "डाक्टरीनबाई काय सांगत्यात ते मात्र तुमी एकल्यानं ऐका. घरच्याला खाली गाडीपाशी बसवा." आसराबाईनं एकदा धीर करून डॉक्टरीणबाईंना हेच सांगितलं. त्यांनी चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं आणि तेव्हापासून निदान सांगायला त्या आधी बाईला एकटीला बोलावू लागल्या.

पुढच्या साली सगळीकडे रझाकारांची दहशत होती. वाटा बंद, बाजार बंद. हैदराबादेहून येणारं औषध यायचं थांबलं, आणि थेंबांची बाटली आसराबाईनं पाणी घालून घालून पुरवली तरी किती पुरणार? चतुराबाई एका पहाटे भिंतीला टेकून बसल्या बसल्या गेली. आसराबाईनं घनसावंगीकडे निरोप धाडला. कोणी आलं नाही. वाटा बंद होत्या म्हणून आलं नसेल, असं आसराबाई लोकांना सांगायची. तिला स्वतःला ते खरं वाटत नव्हतं.

चतुराबाई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी बाकावर गावातलीच एक पोरगी बसली होती, शेजारी तिची सासू. पोरीनं नेहमीचंच विचारलं, दुखतं का? आसराबाईनं तिला अंधार सांगितला, गार काच सांगितली, आवाज सांगितला. दुखत नाही, एवढं मात्र तिच्या तोंडून निघालं नाही. त्यानंतर ते कधीच निघालं नाही.